ऐनाच्या फांदीवरचा टसरचा कोष: मेला आहे की पावसाची वाट पाहतोय?

जानेवारीत भंडाऱ्याकडच्या जंगलाच्या कडेला, ऐनाच्या फांदीला काळसर देठाने लटकलेला एक पिवळट-राखाडी कडक गोळा तुम्हाला मिळाला. फांदीसकट तो घरी आणून कपाटावर ठेवला. एप्रिल अर्धा सरला तरी त्यातून काही बाहेर आलं नाही. आतला जीव मेला का, कापून बघू का, आणि हे पाखरू मुळात कोणतं, राहतं कुठे, जगतं कसं, असे तुमचे प्रश्न आहेत.

तुम्ही दिलेल्या मापांवरून (साडेचार सेंटीमीटर लांबी, वर देठ, देठाच्या टोकाला फांदीभोवती आवळलेलं कडं) हा टसर रेशीम देणाऱ्या पतंगाचा कोष आहे, यात मला शंका वाटत नाही. शास्त्रीय नाव अँथेरिया मायलिट्टा. पूर्व विदर्भात त्याला सरळ कोसा म्हणतात. आपल्याकडच्या आणखी दोन मोठ्या पतंगांच्या कोषांशी त्याची गल्लत होऊ शकते. अ‍ॅटलास पतंगाचा कोष तपकिरी, कागदी आणि पानात गुंडाळलेला असतो. फिकट हिरव्या, लांब शेपट्यांच्या चंद्रपतंगाचा कोष पातळ असतो आणि पानांत गुरफटून बहुधा त्यांच्याबरोबरच खाली पडतो. लांब देठ, टोकाला कडं आणि नखाने दाबलं न जाणारं कवच हे तिन्ही एकत्र दिसलं तर तो टसरचाच.

आता मूळ मुद्दा. तीन महिने काही झालं नाही म्हणून तो मेला, हा हिशेब या पाखराला लागू पडत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात टसरच्या वर्षाला तीन पिढ्या होतात. पहिली पावसाच्या सुरुवातीला निघून ऑगस्टपर्यंत कोष करते, दुसरी ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत आणि तिसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत. पहिल्या दोन पिढ्यांच्या कोषांतून तीन-चार आठवड्यांत पतंग बाहेर येतात. तिसऱ्या पिढीचा कोष मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंदच राहतो. जानेवारीत मिळालेला अखंड कोष या तिसऱ्या पिढीचा धरायचा. त्याने जून-जुलैपर्यंत गप्प राहणं हेच त्याचं नेहमीचं वागणं आहे. हे वेळापत्रक सगळीकडे सारखं नाही, हेही सांगायला हवं. झारखंडातला डाबा वाण वर्षाला बहुधा दोनच पिढ्या काढतो आणि ओडिशाचा मोदल वाण एकच. तिथला कोष याहूनही लवकर बंद होतो आणि जास्त काळ बंद राहतो. भंडारा वाण तीन पिढ्यांचा, म्हणून मी हे तारखांसकट सांगतोय.

हा थांबा ऐनाच्या पानांशी बांधलेला आहे. ऐन फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतो, त्याची नवी पालवी उन्हाळ्याच्या शेवटी येते आणि पावसात ती भरते. मार्चमध्ये पतंग बाहेर आला, जोडी जमली, अंडी घातली, तरी आठवडाभराने फुटणाऱ्या अळीला खायला फांदीवर काही नसतं. म्हणून शरद ऋतूत वाढणारी अळी दिवस लहान होत चालले की ती खूण घेते. पुढे कोषात गेल्यावर मेंदूतून येणारा वाढीचा संदेश थांबतो. प्राणवायूचा वापर अगदी कमी होतो आणि अंगातल्या चरबीवर हा जीव पाच-सहा महिने काढतो. मे-जूनमधला मोठा दिवस, पहिल्या पावसाने उतरलेलं तापमान आणि हवेतला दमटपणा हे सगळं जुळून आलं की वाढ पुन्हा सुरू होते. थंड देशांतल्या काही पतंगांना जागं होण्यासाठी आधी थंडी लागते, तशी याला लागत नाही. त्यामुळे ‘थोडे दिवस फ्रिजमध्ये ठेवा’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

तरीही आतला जीव खरोखर जिवंत आहे का, हे तपासता येतं, आणि त्यासाठी कोष कापायची गरज नाही.

आधी कवच नीट पाहा. देठाच्या बाजूच्या टोकाला धागे बाजूला सरकून झालेलं ओबडधोबड, मोठं तोंड दिसलं तर पतंग आधीच उडून गेलाय आणि तुमच्या हातात रिकामं घर आहे. त्याऐवजी एखादं लहान, गोल, कापल्यासारखं भोक दिसलं तर उझी माशीची (ही टसरच्या अळीवर वाढणारी परजीवी माशी) अळी किंवा परजीवी गांधीलमाशी आतला कोशित (अळी आणि पतंग यांच्या मधली, कोषातली अवस्था) खाऊन बाहेर पडली आहे. उंदीर किंवा खारीने कुरतडलेलं भोक वेडंवाकडं असतं, त्याच्या कडेला दातांच्या खुणा असतात. कवच सगळीकडून अखंड असेल तर पुढची तपासणी करायची.

कोष कानाजवळ धरून हलकेच हलवा. जिवंत कोशिताचा जड, बद्द असा एकच ठोका लागतो. मेलेला कोशित सुकून आक्रसलेला असतो, तो खडखड वाजतो. तुम्ही लिहिलंय की आवाज येत नाही. कोष हाताला जड असेल तर ती चांगली खूण आहे, कारण भरलेला कोशित आत फारसा हलत नाही. नक्की करायचं तर वजन करा. सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये दाखवणारा काटा चालेल. जिवंत कोष साधारण सात-आठ ग्रॅमपासून बारा-चौदा ग्रॅमपर्यंत भरतो. मादीचा जड, नराचा हलका. रिकामं कवच दीड-दोन ग्रॅमच्या आसपास असतं. एकाच वजनावरून निकाल देऊ नका. आज वजन लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा करा. जिवंत कोशिताचंही वजन उन्हाळ्यात थोडं थोडं घटतं, पण ते सावकाश. पंधरा दिवसांत वजन एकदम तिसऱ्या हिश्श्याने उतरलं तर तो गेला असं समजायचं. ही तपासणी आठवड्यात अनेकदा करू नका, वारंवार हलवल्याने कोशिताला मार लागतो.

आता तो राहतो कुठे. टसर हा मध्य भारताच्या पानझडी जंगलाचा पतंग. झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि आपला पूर्व विदर्भ हा त्याचा मुख्य पट्टा. सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या जंगलातही तो रानटी अवस्थेत आढळतो, पण तिथे त्याचं संगोपन होत नाही म्हणून त्याच्याकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. त्याची मुख्य झाडं ऐन (झाडीपट्टीत येन) आणि अर्जुन. झारखंड-ओडिशाकडे सालही. याशिवाय बोर, बोंडारा, धावडा, जांभूळ, बेहडा अशा बऱ्याच झाडांवर अळ्या मिळतात. शहरात कोणी विचारलं तर देशी बदामाचं झाड सांगता येतं, कारण तेही ऐन-अर्जुनाच्याच कुळातलं. पण झाड बदललं की वाढीचा वेग, कोषाचं वजन आणि अळ्या जगण्याचं प्रमाण बदलतं. ऐन-अर्जुनावर ते सगळ्यात चांगलं.

दाट, उंच, जुन्या झाडांच्या आतल्या भागात तो कमी दिसतो. जंगलाच्या कडा, तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऐन, नाल्याकाठचा अर्जुन, भातशेतीच्या धुऱ्यावर राखलेली झाडं इथे तो जास्त भेटतो. कारण सरळ आहे. अंड्यातून निघालेल्या अळीला कोवळं पान लागतं आणि छाटलेल्या किंवा तोडलेल्या झाडाला ते भरपूर फुटतं. निबर, चामड्यासारख्या पानावर पहिल्या अवस्थेतली अळी दात लावू शकत नाही आणि उपाशी मरते. संगोपन करणारे ढिवर समाजातले बांधव झाडं ठरावीक उंचीला छाटतात ते यासाठीच. झाड हाताच्या टप्प्यात राहतं हा दुसरा फायदा.

जीवनक्रम जूनपासून सांगतो, म्हणजे तुमच्या कोषाचं पुढे काय होणार तेही कळेल.

पतंग बाहेर येतो तो संध्याकाळी किंवा रात्रीच्या पहिल्या प्रहरी. त्याच्या डोक्याजवळून कोकूनेझ नावाचं द्रव्य स्रवतं, ते कवचाच्या देठाकडच्या टोकाला धाग्यांमधला डिंक विरघळवतं. बाहेरून तिथे ओला डाग दिसतो. मग पतंग धागे न तोडता, ते बाजूला सारून डोकं बाहेर काढतो. पंख त्या वेळी चुरगळलेले, ओले असतात. तो लगेच खरबरीत काहीतरी धरून वर चढतो आणि पंख खाली सोडून लटकतो. अर्धा-पाऊण तासात पंख पसरतात, कडक व्हायला आणखी काही तास लागतात. पसरलेल्या पंखांची रुंदी साधारण १५ ते १८ सेंटीमीटर. नर बहुधा विटकरी-तपकिरी, मादी पिवळी किंवा राखाडी. चारही पंखांवर एकेक गोल, पारदर्शक काचेसारखा डोळा असतो. नराच्या मिशा रुंद आणि पिसासारख्या, पोट बारीक. मादीच्या मिशा अरुंद आणि पोट अंड्यांनी फुगलेलं.

या पतंगाला खायला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल, मुखांगं खुरटलेली असतात. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर, फार तर आठ-दहा दिवस जगतो. त्याला मध, साखरपाणी, फळाची फोड असलं काही देऊ नका. तो पिणार नाही, उलट पंख चिकटतील.

मादी रात्री एका जागी बसून गंध सोडते आणि नर मिशांनी तो टिपत वाऱ्याच्या उलट दिशेने येतात. जोडी दुसऱ्या दिवसापर्यंत लागलेली राहते. नंतर मादी तीन-चार रात्रींत दीडशे ते अडीचशे अंडी घालते, त्यातली बरीचशी पहिल्या दोन रात्रींतच. अंडं चपटं, लंबगोल, सुमारे तीन मिलिमीटर लांब, त्याच्या कडेने दोन तपकिरी रेषा. आठ-दहा दिवसांत, बहुधा सकाळी, अळ्या निघतात. त्यांना प्रकाशाकडे आणि वर जायची ओढ असते, त्यामुळे त्या फांदीच्या शेंड्याकडे, म्हणजे कोवळ्या पालवीकडे, आपोआप पोचतात.

नवी अळी पिवळट-तपकिरी, काळ्या डोक्याची असते. काही दिवसांत ती हिरवी होते. एकूण चार वेळा कात टाकते, म्हणजे पाच अवस्था होतात, आणि टाकलेली कात खाऊन टाकते. पावसाळी पिढीत हे सगळं चार-पाच आठवड्यांत आटोपतं. हिवाळी पिढीला याच्या दीड-दोनपट वेळ लागतो, कारण रात्री थंड असतात आणि पान जून झालेलं असतं. आयुष्यभराच्या खाण्यातला सुमारे ८० टक्के वाटा एकट्या पाचव्या अवस्थेत जातो. हा आकडा संगोपनात फार महत्त्वाचा. पहिले पंधरा दिवस एक लहान झाड शंभर अळ्यांना पुरेल असं वाटतं. पाचव्या अवस्थेत तेच झाड दोन-तीन दिवसांत बोडकं होतं आणि अळ्या खाली उतरून भटकायला लागतात. पूर्ण वाढलेली अळी १२-१३ सेंटीमीटर लांब, बोटापेक्षा जाड, हिरवीगार, कडेला पिवळी रेघ आणि अंगावर चांदीसारखे चमकणारे ठिपके असलेली असते. एवढी मोठी असूनही पानाखाली उलटी लटकलेली अळी चटकन दिसत नाही. ती शोधायची तर झाडाखाली बघा. जाड, काळपट-हिरव्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की त्याच्या बरोबर वर नजर न्या.

कोष करण्याची पद्धत या जातीत सगळ्यात पाहण्यासारखी आहे. अळी आधी पोट रिकामं करते, दोन-तीन पानं रेशमाने ओढून एक सैल झोळी बनवते. मग झोळीतून बाहेर येऊन जवळच्या फांदीभोवती रेशमाचं कडं घालते आणि कड्यापासून झोळीपर्यंत जाड देठ विणते. त्यानंतर परत आत शिरून पाच-सहा दिवस कोष विणत राहते. शेवटी अंगातून एक पांढरट द्रव सोडून भिंतीला लावते. त्यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं आणि तो सुकला की कवच टणक होतं. थांबा घेणाऱ्या पिढीचं कवच जास्त जाड आणि घट्ट असतं. देठाचा उपयोग तुम्हीच पाहिलात. ऐनाची पानं गळली, तरी कोष फांदीवर राहिला. पानाबरोबर तो खाली पडला असता तर रानडुक्कर, उंदीर, मुंग्या आणि मार्च-एप्रिलचा वणवा यांच्या तावडीत सापडला असता. विदर्भाच्या जंगलात पाचोळ्याची आग जमिनीलगत पळते. माणसाच्या उंचीच्या वरच्या फांदीवरचा कोष तिच्यातून बऱ्याचदा वाचतो.

एका मादीच्या दोनशे अंड्यांमधून रानात फारच थोडे पतंग तयार होतात. लहान अळ्यांना मुंग्या, रक्तशोषक ढेकूण, प्रार्थनाकीटक आणि गांधीलमाश्या उचलतात, मोठ्या अळ्या पक्षी आणि माकडं खातात. उझी माशी चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या अळीच्या कातडीवर अंडं चिकटवते, तिची अळी आत शिरते, आणि टसरची अळी कोष करूनही आतच मरते. हिचा जोर हिवाळी पिढीत जास्त, म्हणजे तुमच्या कोषाच्या पिढीतच. पिवळी परजीवी गांधीलमाशी मात्र कोष विणला जात असतानाच, कवच मऊ असताना, सोंड आत खुपसून अंडं घालते. म्हणून बाहेरून धडधाकट दिसणारा आणि वजनाला बरा असलेला कोषही कधी कधी पतंगाऐवजी माशी देतो. तसं झालं तर त्यात तुमच्या ठेवण्याची चूक धरू नका.

रोगांत सगळ्यात वाईट पेब्रीन. हा सूक्ष्म परजीवी मादीकडून थेट अंड्यांत उतरतो, त्यामुळे आजारी मादीची बरीचशी पिल्लावळ आजारीच जन्मते आणि निरोगी अळ्यांनाही तो पसरवते. तुतीच्या रेशीमकिड्यांतल्या या रोगावर लुई पाश्चर यांनी १९व्या शतकात जो उपाय काढला तोच आजही चालतो. अंडी घालून झाली की प्रत्येक मादीचा तुकडा वाटून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, बीजाणू दिसले की तिची सगळी अंडी नष्ट करायची. बीजकेंद्रात (संगोपन करणाऱ्यांना अंडी पुरवणाऱ्या केंद्रात) मिळणाऱ्या अंडीपुंजांना ‘रोगमुक्त’ म्हणतात ते या तपासणीमुळे. रानातून आणलेल्या मादीची अशी तपासणी झालेली नसते, हे पुढच्या सल्ल्यासाठी लक्षात ठेवा.

थोडक्यात, कोष अखंड आणि जड असेल तर तो जिवंत धरायचा, त्याची वेळ जून-जुलैची आहे, आणि तोपर्यंत त्याला जपणं एवढंच तुमच्या हातात आहे. आता ते कसं करायचं.

कपाटावरून तो आधी खाली काढा. कपाटात किंवा जवळ डांबराच्या गोळ्या असतील तर हे आजच करा, त्यांचा वास कोशिताला मारक आहे. डास मारण्याची यंत्रं आणि फवारेही त्या खोलीत नकोत. काचेची बरणी आणि प्लास्टिकचा डबा टाळा. हवा खेळत नाही, आत दमट होऊन बुरशी येते, आणि पतंग निघाला तर गुळगुळीत भिंतीवर त्याला चढता येत नाही. घसरून पडलेल्या पतंगाचे पंख तसेच चुरगळून वाळतात, मग ते दुरुस्त होत नाहीत.

फांदीचा तुकडा कड्यासकट ठेवलाय ते उत्तम. तीच फांदी दोरीने टांगा, म्हणजे कोष झाडावर होता तसाच लटकेल. भोवती जाळीच्या कापडाची पिशवी किंवा जाळीचा पिंजरा लावा, प्रत्येक बाजूला किमान २० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. दोरीला मधोमध थोडं तेल किंवा व्हॅसलीन लावलं की मुंग्या उतरत नाहीत. पाली आणि उंदीर पोचणार नाहीत अशी जागा बघा. जागा सावलीची, वाऱ्याची, पण थेट ऊन न लागणारी हवी. व्हरांड्याची उत्तर बाजू चांगली.

विदर्भात खरी परीक्षा मे महिन्याची. पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखालच्या किंवा गच्चीलगतच्या खोलीत कोशित आतल्या आत मरतात. बीजकोष (पुढच्या अंड्यांसाठी राखलेले कोष) ठेवणारी घरं मातीच्या जाड भिंतींची, गवताच्या छपराची असतात. खिडक्यांना ओली पोती लावतात, जमिनीवर पाणी शिंपडतात. तुम्ही घरातली सगळ्यात गार खोली निवडा आणि जवळ ओलं पोतं किंवा पाण्याचं पसरट भांडं ठेवा. कोषावर मात्र पाणी मारू नका. कूलरचा थेट झोत आणि एसीची खोली दोन्ही नको. कूलरचा गारवा आणि ओल पावसासारखी वाटून पतंग एप्रिल-मेमध्येच निघू शकतो. अवकाळी पावसानंतरही असं होतं आणि बीजकेंद्रांनाही त्याचा फटका बसतो. अवेळी निघालेल्या पतंगाला जोडीदार मिळत नाही, कारण बाकीचे अजून झोपलेले असतात. पहिला पाऊस स्थिरावला की मग आठवड्यातून दोन-तीनदा पिशवीवर हलका फवारा द्यायला हरकत नाही.

हे सगळं सांगितलं तरी माझा पहिला सल्ला वेगळा आहे. शक्य असेल तर जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, कोष जिथून आणला त्याच जंगलाच्या कडेला परत न्या आणि ऐनाच्याच एखाद्या पालवी फुटलेल्या झाडावर, डोक्याच्या वर, सावलीच्या बाजूला फांदीसकट सुतळीने घट्ट बांधा. तुमच्या खोलीत निघालेली एकटी मादी कितीही सुदृढ असली तरी तिच्यापर्यंत नर पोचणार नाही आणि तिची अंडी फुटणार नाहीत. रानात त्याच आठवड्यात बाकीचे पतंग निघत असतात. दुसऱ्या जिल्ह्यात किंवा शहरातल्या बागेत मात्र सोडू नका. प्रत्येक भागाचा वाण त्या हवेला आणि पानांच्या वेळेला जुळलेला असतो. बाहेरचा वाण मिसळला की ते वेळापत्रक बिघडतं, आणि पेब्रीन असलाच तर तो नव्या जागी जातो.

दुसरी बाब हक्काची. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून असं काही उचलून आणायला मनाई आहे. त्याबाहेरच्या जंगलातही कोसा हे लोकांच्या पोटाचं साधन आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाच्या व्याख्येत टसर आणि कोष यांची नावं घेऊन नोंद आहे, आणि ते गोळा करण्याचा हक्क तिथल्या वनवासी समाजाचा आहे. गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्यातली अनेक कुटुंबं या कोषांवर वर्षाचे काही महिने काढतात, आणि विदर्भाच्या करवतकाठी साड्यांचं सूत यातूनच येतं. एक कोष कुतूहलाने आणला तर त्याबद्दल कोणी तुम्हाला बोल लावणार नाही, पण पुढच्या वेळी फोटो काढा आणि तो तिथेच राहू द्या.

परत नेणं जमलंच नाही आणि पतंग घरी निघाला तर नर की मादी ते मिशांवरून ओळखा. नर असेल तर दुसऱ्या रात्री, पाऊस नसताना, दिवे बंद करून झाडी असलेल्या जागी सोडा. मादी असेल आणि घर जंगलाजवळ असेल तर तिला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून पिंजरा रात्रभर बाहेर झाडाला टांगा. आसपास नर असतील तर मध्यरात्रीनंतर ते जाळीवर येऊन बसतात. मग जाळी उघडा आणि जोडीला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका. जोडी न जमलेली मादीही अंडी घालते, पण ती काही दिवसांत खपाटीला जातात. त्यातून अळ्या निघायची वाट बघत बसू नका.

फळलेली अंडी मिळाली तर ती घरात वाढवायचा मोह आवरा. पहिल्या दोन अवस्था पाण्याच्या बाटलीत खोचलेल्या ऐनाच्या कोवळ्या फांद्यांवर निघून जातात (बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात). तिसऱ्या अवस्थेपासून रोज दोनदा ताजा पाला लागतो. शिळा किंवा ओला पाला, दाटी आणि साचलेल्या लेंड्या यांमुळे जिवाणू आणि विषाणूंचे रोग लागतात. अळी मऊ पडते, मागच्या पायांवर उलटी लोंबते, काळी होऊन फुटते, आणि एका मेलेल्या अळीपासून आठवड्यात सगळी पेटी रिकामी होते. म्हणून अंडी ज्या कापडावर किंवा कागदावर घातली असतील तो तुकडा पानाचा द्रोण करून त्यात ठेवा आणि अंडी फुटायच्या आदल्या दिवशी तो द्रोण जंगलाच्या कडेच्या ऐनाला, कोवळ्या फांदीशी बांधा. अळ्या आपोआप वर चढतील. खोडाला खाली मुंग्यांची रांग नाही ना, एवढं आधी बघा.

पाऊस चांगला लागून ऑगस्ट संपत आला तरीही काहीच निघालं नाही, तेव्हा मात्र कोष कापा. देठाच्या विरुद्ध टोकाला धारदार ब्लेडने पातळ टोपी काढा, पातं आत खोल जाऊ देऊ नका. आत तकतकीत तपकिरी, जड कोशित असेल आणि बोटाने स्पर्श केल्यावर त्याचं शेपूट वळत असेल तर टोपी परत लावून धाग्याने बांधा आणि आणखी महिनाभर टांगून ठेवा, काही कोशित उशिरा जागे होतात. काळा, हलका, कोरडा कोशित म्हणजे उन्हाने किंवा रोगाने मेलेला. कोशिताच्या जागी तपकिरी, पिंपाच्या आकाराची कवचं किंवा नुसता भुगा दिसला तर उझी किंवा गांधीलमाशी. रोगाने मेल्याचा संशय असेल तर ते सगळं जाळून टाका आणि हात साबणाने धुवा. माणसाला त्यातून काही होत नाही, पण तेच हात घेऊन दुसऱ्या कोषाला लागलात तर बीजाणू तिथे जातात.